माळ्यावरचा डबा

जळत्या शहराच्या मधोमध मी उभी होते आणि एका क्षणात सगळं नाहीसं झालं. आग गेली, शहर गेलं, मीही गेले. समोर काळाकुट्ट पडदा आणि त्यात माझंच आ वासलेलं तोंड. टेबलाशेजारच्या कॅबिनेटमधून ‘टक्’ असा एवढासा आवाज तेवढा आला होता. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग रागाने दाबतच राहिले. ढिम्म. वीज गेली म्हणावं तर डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता.

थोड्या वेळाने सहज बोट लावलं तर कॉम्प्युटर सुरू झाला, जसं काही घडलंच नव्हतं. मी इतकी चाट पडले होते की आनंद व्हायचाही राहून गेला.

मी गेम तपासते. बाजारात यायच्या आधी गेम माझ्याकडे येतो आणि मी त्याचा कानाकोपरा पालथा घालते. कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो, कुठे घोडा जमिनीच्या वीतभर वर धावतो, ते शोधायचं आणि कंपनीला कळवायचं. हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे हे मी आमच्या परळच्या चाळीत सांगून सांगून थकले. पण बाबांना कोणी विचारलं की पोरगी हल्ली काय करते, तर ते पेपरातून डोकं वर न काढता एकच शब्द बोलायचे, “खेळते.” विचारणारा माझ्याकडे बघून हसायचा आणि माझं डोकं फिरायचं.

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, बाबा मात्र फिटरच राहिले. त्यांची पान्या-पकडींची लोखंडी पेटी अजून दिवाणाखाली असते आणि तिला हात लावायची आईलाही परवानगी नाही. देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नाही. देव्हारा आईचा. गणपतीत सगळी गल्ली रस्त्यावर असते तेव्हाही हे खिडकीत पेपर धरून. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, ते आंघोळ करून पेटी उघडतात. गिरणीत त्या दिवशी मशीन पुजायचे, ती सवय. आई ताट तयार करून देते, हे पान्याला, पकडीला कुंकू लावतात, अक्षतांचे चार दाणे टाकतात, एक झेंडू ठेवतात आणि पेटी बंद. हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत.

आमच्या दोन खोल्या आणि वर लाकडी माळा. माळ्यावर मी आणि माझा कॉम्प्युटर, ज्याला बाबा ‘डबा’ म्हणतात. शिडी उभीच्या उभी आहे. गुडघ्याने दगा दिल्यापासून बाबांनी तिच्यावर पाय ठेवलेला नव्हता, त्यामुळे वरती माझं राज्य.

तर हा डबा त्या आठवड्यात मरू लागला. साधं टायपिंग करा, मेल बघा, तासन् तास चालायचा. पण गेममध्ये आग, धूर, पाऊस असं काही भारी दृश्य आलं की थोडा वेळ तग धरायचा आणि टक्. मग गार पडेपर्यंत जिवंत व्हायचा नाही. असलं भारी चित्र उभं करायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, म्हणून मी सगळा संशय त्याच्यावर धरला. सॉफ्टवेअर पुसून पुन्हा टाकलं. कार्ड बाहेर काढून त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, हा उपाय आमच्याकडे सगळे करतात. पुन्हा बसवलं, वायरी दाबल्या. कॅबिनेटचं दार काढून समोर टेबलफॅन लावला. टक्. एक्स्टेन्शन बोर्ड बदलला, खालच्या खोलीतून वायर ओढली. टक्. प्रत्येक वेळी मला तितकाच धक्का बसायचा, कारण प्रत्येक वेळी मला खात्री वाटायची की आता जमलं.

आई गावी भातकापणीला गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि बाबा रोज संध्याकाळी खालून विचारायचे, “काय गो, आज तरी चालला काय तुझा डबा?”

मला तो टोमणा वाटायचा. “नाही चालला. खूश?” मी वरून ओरडायचे. ते निर्गुडीचा पाला गरम करून गुडघा शेकत बसायचे. गुडघा नारळाएवढा सुजला होता. मी कंपनीच्या बोलावण्यावरून दोन दिवस पुण्याला जाऊन आले तेव्हापासून ती सूज होती. विचारलं तर म्हणाले, “जिन्यात पाय मुरगळला.” डॉक्टरकडे चला म्हटलं तर पेपर वर धरला. माझा हा सगळा राग त्या डब्यात आणि डब्याचा राग त्यांच्यात मिसळत गेला.

त्यात आमच्या टीमच्या बाईंचा फोन आला. सोमवारी दुपारी आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरून एकत्र तो गेम सुरुवातीपासून खेळायचा होता, गेम बनवणारे स्वतः बघणार होते. बाईंचा आवाज गोड होता, म्हणून जास्त भीती वाटली. “तुझं मशीन मधेच गेलं तर सगळ्यांची मेहनत फुकट जाईल. सोमवारीही असंच झालं तर मला तुझ्या जागी दुसरं कोणी घ्यावं लागेल,” त्या म्हणाल्या. हे काम मिळवायला मी काय काय सोडलं होतं ते माझं मला माहीत, आणि ते गेलं तर सगळी चाळ म्हणणार होती की बरं झालं, पोरगी खेळायची थांबली.

रविवारी भायखळ्याची माझी मैत्रीण आली. कॉलेजपासूनची. लोकांना कॉम्प्युटर जोडून देणं हाच तिचा व्यवसाय, माझाही तिनेच जोडलेला. तिने आपल्या स्वतःच्या मशीनचं कार्ड आणि पॉवर सप्लाय काढून पिशवीत घालून आणली होती. सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी बसवलेली ती चौकोनी लोखंडी पेटी, जी भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला वाटते.

“यार, हा माळा आहे की भट्टी?” तिने आल्या आल्या ओढणी कमरेला बांधली. “आधी माझं कार्ड लावू. तरी बंद पडला तर तुझं कार्ड निर्दोष.”

तिचं कार्ड लावलं. शहर पेटवलं. आम्ही दोघी मांडी घालून बघत बसलो. टक्.

“सुटलं बिचारं,” ती म्हणाली. मग तिने आपली सप्लाय बाहेरच फळीवर ठेवून वायरी आत जोडल्या. पुन्हा शहर पेटवलं. ते जळलं, जळत राहिलं, पार राख झालं, आणि कॉम्प्युटर चालूच. माझा विश्वास बसेना. आठवडाभर मी ज्या कार्डाला शिव्या घातल्या ते आता तेच शहर पुन्हा जाळायला एका पायावर तयार होतं.

“सप्लाय गेली तुझी.”

“जाईल कशी? नवीच आहे ना?”

तिने माझी सप्लाय खोलून बाहेर काढली आणि हातात उलटी-पालटी केली. आतून आवाज आला. लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. “स्क्रू सुटला असेल,” ती म्हणाली, पण तिचाही चेहरा पडला होता. तिने मोबाइलचा टॉर्च लावला. सप्लायला एक मोठा पंखा असतो, जाळीमागे. माळ्याच्या फळ्यांची धूळ खालून ओढू नये म्हणून तिनेच तो वर तोंड करून बसवला होता. काम हलकं असलं की हा पंखा फिरतच नाही, आवाज नको म्हणून, भार आला की फिरतो. त्यामुळे तो थांबलेला दिसला तरी मी आठवडाभर त्याला शहाणाच समजत होते. आता तिने जाळीतून काडी घालून पातं ढकललं. हललं नाही. चिकटलेलं होतं. भार आला की पंख्याविना पेटी तापायची आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद व्हायची, एवढं सरळ होतं ते.

“चिमटा दे.”

माझ्या भुवया कोरायच्या चिमट्याने तिने जाळीतून एक तांदूळ बाहेर काढला. मग दुसरा. मग एकमेकांना चिकटून वाळलेला तांदळांचा गोळा.

“उंदीर!” ती ओरडली.

मीही ओरडले, कारण मी आठवडाभर रात्रंदिवस त्याच्या शेजारी अनवाणी बसत होते. ती माळ्याच्या कडेला जाऊन खाली वाकली. “काका, वर उंदीर आहे! मशीनमध्ये तांदूळ साठवलेत त्याने!”

खाली पेपर सळसळला. मग बाबा म्हणाले, “असेल. चाळीत उंदीर असायचेच.” आणि जरा थांबून, “पिंजरा आणतो उद्या.”

मी तांदूळ हातावर घेऊन झरोक्यापाशी गेले. उजेडात बघितलं तर ते लाल होते. गोळ्यातून एक सुकलेली केशरी पाकळी डोकावत होती, झेंडूची. मी बघतच राहिले. चाळीतला उंदीर काय वाट्टेल ते खाईल, पण कुंकू लावून खाणार नाही.

खरं सांगते, मला ते दिसत होतं आणि समजत नव्हतं. नवमीला मी पुण्यात होते, कंपनीला कुठली आलीय खंडेनवमी. आई गावी. घरात फक्त बाबा. पुण्याहून आले तेव्हा कॅबिनेटचं वरचं झाकण लख्ख पुसलेलं होतं आणि मला वाटलं होतं, जाताना मीच पुसलं असेल. आणि गुडघा. शिडीकडे नजर गेली. ती उभीच्या उभी शिडी, एका हातात ताट, आणि तो गुडघा.

मी खाली उतरले ती तडक दिवाणाकडे. वाकून पेटी ओढली.

“काय गो, काय पायजे तुला?” बाबा गडबडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना न विचारता पेटी उघडली. पाना, पक्कड, कानस, सगळ्यांवर कुंकवाचे ठिपके, सुकलेला झेंडू, आणि तेच लाल तांदूळ. चार दाणे नव्हेत, मूठभर. आई नसल्याने हात सैल सुटला होता.

“तुम्ही शिडी चढलात?”

मैत्रीण सप्लाय छातीशी धरून मागे उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, “नवमी होती.”

“नवमी होती तर हत्यारं इथे खाली आहेत ना? वर काय होतं?” माझा आवाज चढला होता. रागाने नाही, पण मला चढवता तेवढाच येतो.

त्यावर तेच भडकले. “वर काय होतं म्हणजे? ह्या पान्यावर गिरणी बंद पडल्यापासून घरात भाकर आली नाय. तरी मी दरवर्षी त्याला कुंकू लावतो, सवय म्हणून. भाकर येते ती वरून, तुझ्या डब्यातून. मग पुजायचा कोणाला? गंजलेल्या पान्याला?”

एवढं लांबलचक बाबा माझ्याशी कधी बोललेच नव्हते. माझी जीभ चाळीत प्रसिद्ध आहे, नळावरच्या बायका मला वचकून असतात, आणि मी तिथे पेटीसमोर उकिडवी बसून ढसाढसा रडले. इतकी वर्षं हा माणूस लोकांना “खेळते” म्हणत होता. आनंद झाला होता मला आणि तो सोसत नव्हता.

“रडते कशाला? पुसला मी नंतर,” ते गोंधळून म्हणाले. “तू येऊन ओरडशील म्हणून ओल्या फडक्याने साफ पुसला. फुलंबिलं सगळी झाडून काढली.”

झाडली ती कॅबिनेटच्या वरच्या जाळीतून आत. माझ्या हातातले तांदूळ तेव्हा त्यांना दिसले. “हे... हे कुठे होतं?”

मी मैत्रिणीला डोळ्याने खुणावलं, पण ती कामाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. “पंख्यात, काका. चिकटून बसले होते. पंखा फिरत नव्हता, म्हणून ते तापून बंद पडत होतं.”

बाबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना काही होतंय. गिरणीचं फाटक कायमचं बंद झालं त्या दिवशीही ते फाटकावर उभं राहून हुज्जत घालत होते, असं आई सांगते. आता ते एकदम लहान झाले. “मशीनमध्ये? मी टाकले?” त्यांनी दोनदा विचारलं. “पूजेच्या आधी मशीनवर फडका टाकायचा असतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचो आम्ही. साधा सुताचा बोळा राहिला आत, तर मी माणसाला लाइनीतून बाहेर काढायचो. आणि मी...” मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “उद्या सोमवार. उद्याच ना तुझं ते?”

सोमवारबद्दल मी त्यांना एक अक्षर बोलले नव्हते. माळ्याच्या फळ्यांतून माझे सगळे फोन खाली ऐकू येत होते आणि ते पेपरामागे बसून ऐकत होते. रोज संध्याकाळी डबा चालला का विचारत होते ते त्याचसाठी. त्या दुपारी मला किती वेळा धक्का बसला याची गणती नाही, पण हा सगळ्यात खोल गेला.

मग बाबांनी फर्मान काढलं की सगळं खाली आणा. कॅबिनेट, पडदा, टेबलफॅन, सगळं आम्ही दोघींनी शिडीवरून उतरवलं. सप्लायची पेटी त्यांनी दिवाणावर पेपर अंथरून त्यावर घेतली आणि सवयीने पेचकस उचलला.

“उघडायची नाही, काका,” मैत्रीण म्हणाली. “बंद असली तरी आत वीज साठून राहते. जे काय करायचं ते जाळीतूनच.”

“जाळीतूनच,” बाबा म्हणाले. नव्या पोराने ऐकावं तसं ऐकलं त्यांनी. ते चिमट्याने दाणा दाणा काढत होते, ती कापसाची काडी कोमट पाण्यात जेमतेम भिजवून वाळलेलं कुंकू सोडवत होती, मी टॉर्च धरून उभी होते. पातं सुटलं आणि बोटाने ढकलल्यावर सळसळत फिरलं तेव्हा बाबांनी श्वास सोडला. टेबलफॅनच्या वाऱ्यात पार वाळेपर्यंत त्यांनी ती कोणाला उचलू दिली नाही. सप्लाय परत बसवली, शहर एकदा जाळून बघितलं, निभावलं. “नवी घेऊन टाक,” मैत्रीण जाताना म्हणाली, “पण उद्याचा दिवस निघेल.” तिची सप्लाय तिला परत न्यावीच लागली, तिचीही गिऱ्हाइकं होती.

मी डबा पुन्हा वर न्यायला लागले तर बाबा आडवे आले. “उद्या इथेच चालव. माझ्या कानासमोर.”

सोमवारी दुपारी खालच्या खोलीत टेबल मांडलं. मी हेडफोन घातला, एक कान मोकळा ठेवला. बाबांनी कॅबिनेटजवळ स्टूल घेतलं, सुजलेला पाय लांब केला आणि लांब पेचकसाचं टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवून मूठ कानाला लावली. गिरणीत बेअरिंगचा आवाज असाच ऐकायचे ते.

खेळ सुरू झाला आणि लगेच बाबा दचकले. “पंखा बंद आहे गो!”

“भार आला की फिरतो, बाबा. तुम्हाला काल सांगितलं ना तिने.”

“हां. हां,” ते म्हणाले, पण पेचकस काढला नाही.

जंगल गेलं, नदी गेली. शहराची वेस आली. आग लागली. पडद्यावर सगळीकडे ठिणग्या, धूर, कोसळणाऱ्या इमारती, कानात बाईंचा आवाज सगळ्यांना पुढे चला म्हणत होता, आणि मी टक् होण्याची वाट बघत होते. बाबांनी डावा हात वर केला. “फिरला,” ते पुटपुटले. “फिरतोय.” त्यांचे डोळे मिटलेले होते.

तेवढ्यात शेजारच्या काकू नेहमीप्रमाणे न विचारता दारात आल्या. टेबल, पडदा, आग, आणि कानाला पेचकस लावून बसलेले बाबा बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. “अगो बाई! आता काय भर दुपारी खाली येऊन खेळायला लागली ही?”

शहर राख झालं होतं. पुढचा पूल दिसत होता आणि मी त्यावर पाय ठेवला होता. बाबांनी डोळे न उघडता हाताने त्यांना गप्प केलं.

“श्श. कामावर आहे ती. सुटल्यावर या.”